न ऐकू येणारी शिट्टी

"मामा, शिट्टी वाजतीय," उत्कर्षाताई म्हणाल्या आणि स्पीकर पुसणारा रेवणप्पाचा फडका थांबला.

दुपारचे पावणेदोन झाले होते. अक्कलकोट रोडवरच्या त्याच्या पत्र्याच्या दुकानासमोर, लिंबाच्या सावलीत ती मोटरसायकल उभी होती. मोटरसायकल कसली, म्हैसच म्हणायची. पुढं वारा अडवायला काच, काचेखाली रेडिओ, दोन्ही अंगांना डिक्क्या, मागं टेकायला गादी आणि गादीच्या मागं आणखी एक पेटी. एका दमात हजार किलोमीटर जाणाऱ्या हौशी लोकांची ही गाडी. कालपासून रस्त्यानं जाणारा प्रत्येक दुसरा माणूस थांबत होता, तिच्याभोवती एक चक्कर मारत होता आणि "ॲव्हरेज किती देती?" एवढंच विचारून निघून जात होता. सोलापुरात विमान उतरवलं तरी लोक आधी हेच विचारतील.

गाडी उत्कर्षाताईंची. बार्शीला त्यांची डाळमिल आहे. वय बेचाळीस, बोलणं रोखठोक. कंपनीनं दिलेले स्पीकर ऐंशीच्या पुढं गाडी गेली की वाऱ्यात बुडून जातात, गाणंही कळत नाही आणि फोनमधली बाई डावीकडं वळा म्हणतीय की उजवीकडं तेही कळत नाही, ही त्यांची तक्रार. रेवणप्पानं दोन दिवस खपून जुने स्पीकर काढले, पुढं दोन आणि मागं दोन नवे बसवले, आणि त्यांना ताकद द्यायला काचेच्या आतल्या बाजूला एक ॲम्प्लिफायरचा डबा चढवला. इतक्या भारी गाडीला त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच हात लावला होता. काम जीव ओतून केलं होतं. आत्ता इंजिन चालू करून गाणं लावलं, ढोलकी छातीवर येऊन आदळली, आणि तो मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटणार तोच ही शिट्टी.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"गाण्याच्या मागं. बारीक. रेस वाढवली की वर चढती बघा."

रेवणप्पा वाकला. डावा कान पुढच्या स्पीकरला लावला आणि डोळे मिटले. तीस वर्षं लोकांनी त्याला असंच उभं राहिलेलं पाहिलं होतं. इंजिनाची धडधड ऐकू आली. ढोलकी आली. गाणाऱ्या बुवांचा आवाज आला. शिट्टी मात्र नाही. उजवा कान लावला. नाही.

रेवणप्पाला बारीक आवाज ऐकू येणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. ही गोष्ट साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे रेवणप्पा.

हा गडी अक्कलकोट तालुक्यातून सतराव्या वर्षी सोलापुरात आला. एका रेडिओवाल्याकडं डाग लावायला, म्हणजे कथील वितळवून वायरी जोडायला शिकला आणि मग ट्रॅक्टरच्या नादाला लागला. दिवाळी झाली की ऊसतोड सुरू होते. दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडं निघतात, आणि ड्रायव्हरला जागं ठेवायला गाणी लागतात. नुसती गाणी नव्हेत. पुढच्या ट्रॅक्टरपेक्षा आपला आवाज मोठा पाहिजे, नाहीतर काय इज्जत राहिली! सीटच्या मागं, कानापासून वीतभर अंतरावर मोठमोठे स्पीकर ठोकून देणं, हे रेवणप्पाचं खास काम. मंद्रूपपासून माळशिरसपर्यंत उसाच्या फडातली माणसं नुसत्या आवाजावरून सांगायची, हा रेवणप्पाचा डेक. आणि त्याचा कान असा, की रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरकडं न बघता तो म्हणायचा, "डावीकडच्या स्पीकरचा कोन फाटलाय." खाली उतरून बघावं तर स्पीकरचा पडदा फाटलेला असायचा. लोक त्याला 'कानाचा रेवणप्पा' म्हणत. या नावाचा त्याला केवढा अभिमान होता!

मग एकदा कस्तुराबाईनं, त्याच्या बायकोनं, कुकर चढवला आणि तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा सांगून ती शेजारी गेली. ती परत आली तेव्हा डाळीचा कोळसा झाला होता आणि हा कुकरसमोर पाट टाकून शिट्टीची वाट बघत बसला होता. "ध्यान न्हवतं," तो म्हणाला. कस्तुराबाईनं त्याच्या ध्यानाचा व्यवस्थित उद्धार केला. पण रेवणप्पा त्या दिवशी जेवला नाही, आणि ते डाळीमुळं नव्हे.

तेव्हापासून तो हातानं ऐकायला लागला. स्पीकरच्या पडद्यावर तळवा टेकला की निम्मं काम कळतं. बाकीचं गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून. डॉक्टरकडं गेला नाही. चष्मा लावणाऱ्या शिंप्याला कुणी हसत नाही, पण कानाला मशीन लावलेल्या डेकवाल्याकडं कोण येणार, सांगा बरं? त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही.

"आली का ऐकू?" उत्कर्षाताईंनी विचारलं.

"व्हय की. बारीक हाय," रेवणप्पा म्हणाला. "आत्ता घालवतो."

त्यानं सिग्नलच्या वायरी काढून पुन्हा बसवल्या. "बघा आता."

"आहे."

त्यानं फ्यूज बदलला, मागच्या स्पीकरच्या पिना आवळल्या. "आता?"

"आहे की हो, मामा. तशीच आहे." ताईंनी घड्याळ बघितलं. त्यांचे चार सोबती चार वाजता विजापूर रोडला, शहराबाहेरच्या पुलाखाली भेटणार होते. तिथून हंपी, मग थेट कन्याकुमारी. पंधरा दिवसांचा बेत होता. "पंधरा दिवस ही शिट्टी कानात घेऊन मी जाणार नाही. डोकं उठेल माझं."

"जाईल ओ, ताई. घाई करू नका."

रेवणप्पाच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. दिसत नसलेला साप काठीनं शोधायचा, तसं त्याचं चाललं होतं. उत्कर्षाताई गाडीवर बसल्या आणि त्यांनी आवाजाचं बटण फिरवत फिरवत पार शून्यावर आणलं. गाणं थांबलं. इंजिन तेवढं धडधडत राहिलं.

"आता गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली," रेवणप्पा म्हणाला.

ताई त्याच्याकडं बघत राहिल्या. "मामा, गाणं गेलं. शिट्टी तशीच आहे."

रेवणप्पा उगाच खाली वाकून वायरी चाचपायला लागला. तेवढ्यात रस्त्यापलीकडं एक जीप थांबली आणि तिच्यातून बसलिंगप्पा उतरला.

बसलिंगप्पा मंद्रूपकडचा. रेवणप्पाचा जुना दोस्त आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पहिला ट्रॅक्टर त्यानं स्वतः चालवला, बारा वर्षं चालवला, त्यातून आज चौदा ट्रॅक्टर उभे केले. दर हंगामाच्या तोंडावर त्या चौदाही गाड्यांचं वायरिंग आणि डेकचं काम रेवणप्पाकडं यायचं, आणि त्या कामावर याचं निम्मं वर्ष निघायचं.

"येन माडाकत्ती, रेवण्या?" काय करतोयस, असं कानडीत ओरडतच तो आला. बसलिंगप्पा सगळं ओरडूनच बोलायचा. मग गाडी पाहून त्याचे डोळे मोठे झाले. "आयला! ॲव्हरेज किती देती?"

उत्कर्षाताईंनी त्याला उत्तर दिलं नाही. "तुम्हीच ऐका हो, काका," त्या म्हणाल्या. "शिट्टी येतीय का नाही?" आणि त्यांनी गाणं पुन्हा लावून रेस दिली.

रेवणप्पानं श्वास रोखून धरला. आता हा ऐकणार. आता हा म्हणणार, येतीय की रे, तुला कसं कळंना? संपलं. कानाचा रेवणप्पा संपला.

बसलिंगप्पानं कानामागं हात धरला, मान तिरकी केली आणि चांगलं मिनिटभर ऐकलं.

"कसली शिट्टी? झकास वाजतंय की ओ, ताई! छातीत धडका बसाय लागल्यात." त्यानं रेवणप्पाच्या खांद्यावर थाप मारली. "या माणसाला जे ऐकू येत न्हाय, ते नसतंयच. अख्ख्या जिल्ह्यात इचारा."

रेवणप्पानं रोखलेला श्वास सोडला. त्याला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? बुडणाऱ्याच्या हाताला फांदी लागावी तसं वाटलं. त्यानं नुसती मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, ते ज्याचं त्यानं समजावं.

उत्कर्षाताईंचा चेहरा पडला. "मिलमध्ये पट्टा घसरला तर मला ऑफिसात बसून कळतं," त्या म्हणाल्या, पण आधीच्या जोरानं नव्हे. "मामा, मगाशी तुम्हीच बारीक आहे म्हणालात, आता दोघंही नाही म्हणता? मग माझ्याच कानात काही झालं असेल का?" त्यांनी कानात बोट घालून हलवलं. "मिलच्या आवाजानं कान जातात म्हणे. दाखवायला पाहिजे एकदा." आणि त्यांनी आरशाला अडकवलेलं हेल्मेट उचललं.

बस, एवढंच. आता नुसतं गप्प राहायचं होतं. बाई हेल्मेट घालणार, गाडी काढणार, कन्याकुमारीला जाणार. पंधरा दिवस शिट्टी ऐकणार आणि शिट्टी नाहीच अशी स्वतःची समजूत घालणार.

"ताईंचं आटपलं की माझं बघ," बसलिंगप्पा मध्येच म्हणाला. "औंदा डबल स्पीकर लाव. गेल्या सालचे सगळे बसलेत. लावले तवा कसले वाजत हुते, आता आवाजच न्हाय. माझा डायवर धोंडीराम तर म्हणतोय, मालक, ह्यो डेक हाय का टेबलावरचा रेडिओ?"

"कुठल्या ट्रॅक्टरचा बसलाय?" रेवणप्पानं सवयीनं विचारलं.

"कुठल्या म्हंजे? चौदाच्या चौदा! सगळे डायवर बोंब मारत्यात."

रेवणप्पाच्या हातातला पाना हातातच राहिला. एक डेक बसतो. दोन बसतात. चौदा डेक एकाच वर्षात बसत नसतात. त्यातले दोन त्यानं उन्हाळ्यात स्वतः उघडून पाहिले होते आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं. मग बसलं होतं काय? त्यानं बसलिंगप्पाकडं पाहिलं. या माणसानं मिनिटभर कान देऊन ऐकलं होतं, प्रामाणिकपणे ऐकलं होतं, आणि त्याला शिट्टी आली नव्हती. बारा वर्षं हा सीटवर होता, आणि याच्या कानामागं वीतभर अंतरावर स्पीकर कुणी ठोकले होते? धोंडीरामाच्या कानामागं कुणी ठोकले? भर दुपारी, सोलापूरच्या त्या उन्हात, रेवणप्पाच्या अंगावर काटा आला. आपल्या स्वतःच्या कानांचं काय झालं हे त्याला तीन वर्षं माहीत होतं. दुसऱ्यांच्या कानांचा विचार मात्र त्याच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. त्याला स्वतःची शिसारी आली.

उत्कर्षाताईंनी हेल्मेट डोक्यावर चढवलं होतं. पट्टा लावायचा राहिला होता.

"ताई, थांबा," रेवणप्पा म्हणाला. "काढा ते."

"आता काय?"

"शिट्टी हाय. तुमचा कान बरोबर हाय. माझा गेलाय." त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "तीन वर्सं झाली. बारीक कायबी ऐकू येत न्हाय मला. मगाधरनं थापा मारतोय."

बसलिंगप्पा आधी हसला. मग रेवणप्पाचं तोंड पाहून हसायचा थांबला.

उत्कर्षाताईंनी हेल्मेट काढलं. आता बाई चिडणार, आणि चिडायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. पण त्यांनी फक्त घड्याळ बघितलं. "आधी सांगितलं असतं तर तास वाचला असता," त्या म्हणाल्या. "काय करायचं आता, ते बोला."

"तुमी ऐका. मी काम करतो. शिट्टी हाय तवर हात वर ठेवा, गेली की खाली घ्या."

ताई गाडीवर बसल्या, डोळे मिटले, उजव्या हातानं रेस धरली आणि डावा हात वर केला. रेवणप्पा काचेखालचं झाकण उघडून खाली बसला. लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळं त्याचं डोकं आता नीट चालायला लागलं. आवाज शून्यावर नेला तरी शिट्टी राहते, हे बाईंनी मगाशीच सांगितलं होतं, आणि त्या वेळी भीतीच्या पोटी ते त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. म्हणजे ती रेडिओतून येत नव्हती. ती मध्येच कुठंतरी शिरत होती, रेडिओ आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये.

मग त्याला ती काळी वायर दिसली, आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

ट्रॅक्टरवाल्यांची एक रीत आहे. बॅटरीपासून एकच लाल वायर आणायची. काळी वायर बॅटरीपर्यंत न्यायचीच नाही, जवळच्या एखाद्या बोल्टाखाली दाबून टाकायची. सगळा ट्रॅक्टर लोखंडाचा, करंट आपला आपण घरी जातो. याला बॉडी अर्थ म्हणतात. तीस वर्षं हात तेच करत आले होते आणि इथंही हातांनी न विचारता तेच केलं होतं. ॲम्प्लिफायरची काळी वायर काचेच्या पट्टीच्या बोल्टाखाली दाबली होती, रेडिओची मात्र कंपनीनं थेट बॅटरीला नेलेली. पट्टीवर रंगाचा जाड थर होता, त्यातून करंट धड जात नव्हता. दोघांचं अर्थिंग वेगळं झालं, आणि इंजिनात तयार होणाऱ्या विजेची शिट्टी त्या फटीतून आत आली. ट्रॅक्टरच्या गोंगाटात असली शिट्टी कुणाला ऐकू येणार? आणि ऐकणारे कान तरी कुठं राहिले होते?

त्यानं इंजिन बंद करायला लावलं, जाड काळी वायर मापानं तोडली, टोकं दाबली, टाकीच्या कडेनं ओढून सीटखाली बॅटरीच्या टर्मिनलवर नेऊन आवळली. घाईत पाना दोनदा निसटला. बसलिंगप्पा बाकावर बसून हे सगळं बघत होता.

"लावा."

इंजिन सुरू झालं. उत्कर्षाताईंनी डोळे मिटले. हात वर होता. रेवणप्पा त्या हाताकडं बघत राहिला. आयुष्यात कुठल्या स्पीकरकडं त्यानं इतकं लक्ष दिलं नसेल. ताईंनी रेस वाढवली, आणखी वाढवली. मग हात सावकाश खाली आला आणि टाकीवर टेकला.

"गेली," त्या म्हणाल्या. "मामा, साफ गेली!"

रेवणप्पानं स्पीकरवर तळवा टेकवला. मगाशी लागत होतं तसंच लागलं. काय गेलं आणि कधी गेलं, त्याला काहीच कळलं नाही. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र ते दिसत होतं, आणि तेवढ्यावर त्याला समाधान मानावं लागलं.

पावणेचारला उत्कर्षाताई निघाल्या. जाताना म्हणाल्या, "कान दाखवून या. मीही दाखवणार आहे," आणि ढोलकी वाजवत विजापूर रोडच्या दिशेनं गेल्या.

मग बसलिंगप्पा उठला.

"लोकांदेखत काय बी बरळतोस व्हय रं?" तो ओरडला. "उद्या मंद्रूपात कळलं तर कुत्रं यायचं न्हाय दुकानात."

"खरं हाय ते, बसण्णा. आणि तुलाबी शिट्टी आली न्हाय ऐकू."

"नव्हतीच, तर येईल कुठनं?"

"होती. त्या बाईला येत हुती." रेवणप्पा त्याच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला. "तुझे डेक बसले न्हाईत. डायवरांचे कान बसलेत. मी बसवलेत. डबल लावणार न्हाय मी. हायेत ते बी सीटमागनं काढून खाली घेतो, आवाज निम्मा करतो."

"मला बहिरा म्हणतोस?" बसलिंगप्पाचं तोंड लालभडक झालं. "सोलापुरात तू एकटाच हायेस व्हय? पन्नास डेकवाले हायेत! जा, बस त्या बायांच्या मोटरसायकली खोलत."

तो ताडताड निघाला आणि खिशात हात घालत रस्ता ओलांडायला लागला. चौदा ट्रॅक्टर चालले. रेवणप्पाला ते दिसत होतं. तरी त्यानं हाक मारली नाही.

खिशातून रुमाल निघाला आणि रुमालाबरोबर किल्ल्यांचा जुडगा. तो डांबरावर पडला, उसळला आणि पुन्हा पडला. रेवणप्पाला तो नुसता पडताना दिसला. पलीकडं चहाच्या गाड्यावर फुलाबाई कप विसळत होती, तिनं मान वर केली. बाकावरची दोन गिऱ्हाइकं वळली. गाड्याखालचं कुत्रं उठून बसलं. बसलिंगप्पा मात्र तसाच चालत जीपपाशी पोचला आणि खिसे चाचपायला लागला.

"ओ मालक, किल्ल्या पडल्या!" फुलाबाई म्हणाली. त्यानं तिकडंही पाहिलं नाही.

रेवणप्पानं रस्त्यात जाऊन जुडगा उचलला आणि त्याच्यासमोर धरला. बसलिंगप्पानं किल्ल्यांकडं पाहिलं, मग स्वतःच्या खिशाकडं.

"कवा पडल्या?"

"आत्ता. रस्त्यात."

"आवाज झाला?"

"मला न्हाय आला," रेवणप्पा म्हणाला. "फुलाबाईला आला."

बसलिंगप्पानं फुलाबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. किल्ल्या घेऊन तो जीपमध्ये बसला, पण जीप चालू केली नाही. मग बोलला, आणि रेवणप्पाच्या आठवणीत पहिल्यांदाच हळू बोलला, इतकं हळू की त्याच्या ओठांकडं बघावं लागलं.

"धोंडीरामाला बी डाक्टरकडं न्यावं लागंल," तो म्हणाला.